पेपर कोणाकडे झुकलाय, हे साध्या बातमीतून ओळखायचं कसं

आधी अग्रलेख बाजूला ठेवा. पेपरचा कल शोधायचा म्हटलं की लोक पहिल्यांदा तिथेच धावतात, आणि तिथे शोधण्यासारखं काही नसतं. संपादकाने आपलं मत उघड मांडावं म्हणूनच ती जागा ठेवलेली आहे. 'सामना'चा अग्रलेख वाचून "हा पेपर ठाकऱ्यांचा आहे" असं जाहीर करणाऱ्याला कसला शोध लागला? १९८८ पासून ते पक्षाचं मुखपत्र आहे, ते तसं सांगतं, म्हणून माझी त्याच्याबद्दल तक्रारही नाही. तक्रार आहे ती पान एकवरच्या दोन कॉलमी, निरुपद्रवी बातमीबद्दल. तिच्यात मत कुठेच नसतं, आणि तरी वाचून उठताना तुमचं मत झालेलं असतं.

मी सांगली-मिरजेकडच्या एका दैनिकाच्या डेस्कवर होते, बहुतेक रात्रपाळीला. बातमीदाराने पाठवलेली कॉपी कापायची, मथळा द्यायचा, फोटो निवडायचा, ओळ लिहायची, पान सोडायचं. म्हणजे पुढे जे सांगते आहे ते मी पेपरच्या आतून बघितलेलं आहे. आता निवृत्त झाल्यावर वाचनालयात जाते. तिथे सकाळी सगळे पेपर एकाच टेबलावर पडलेले असतात, आणि प्रत्येकजण आपापला एकच उचलून कोपरा गाठतो. ही सवय सोडणं हीच खरं तर पहिली पायरी.

काय लागतं

एकाच दिवसाचे किमान दोन पेपर, जमलं तर तीन. एक तुमच्या आवडीचा, एक अजिबात न पटणारा, आणि तिसरा लांबचा: सांगलीकराने नागपूरचा घ्यावा, नागपूरकराने कोल्हापूरचा. ई-पेपर चालेल, वेबसाइट नको. वेबसाइटवरचा मथळा दिवसभरात बदलत राहतो, क्लिक मिळाव्यात म्हणून लिहिलेला असतो, आणि बातमी कोणत्या पानावर, किती जागेत लागली हे तिथे कळत नाही. एक पेन्सिल घ्या. आणि एकच घटना निवडा. "हा पेपर कसा आहे?" असा प्रश्न घेऊन बसलात तर उत्तर तुमच्याकडे आधीपासूनच तयार असतं. "काल विधानसभेत गोंधळ झाला, तो कोणी कसा छापला?" असा प्रश्न घ्या.

सुरुवात शेवटच्या पानाच्या तळापासून करा. तिथे बारीक टाइपात मालक, मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावं असतात. कायद्याने ती छापावीच लागतात, आणि ती ओळ वाचणारा माणूस मला क्वचितच भेटला आहे. उद्धव ठाकरे मुख्यमंत्री असताना, मार्च २०२० मध्ये, 'सामना'च्या संपादकपदी रश्मी ठाकरे आल्या. सत्ता गेल्यावर ऑगस्ट २०२२ मध्ये उद्धव ठाकरे परतले. 'लोकमत' दर्डा कुटुंबाचा. विजय दर्डा काँग्रेसचे राज्यसभेतले खासदार होते, राजेंद्र दर्डा राज्यात मंत्री. 'सकाळ' प्रतापराव पवारांच्या कुटुंबाकडे, आणि ते शरद पवारांचे बंधू. नागपूरचा 'तरुण भारत' संघविचाराचा. 'लोकसत्ता' एक्स्प्रेस समूहाचा, 'मटा' टाइम्सचा. यावरून निकाल लावायचा नाही. मालक एका पक्षाचा आणि पान एकवरची बातमी भलत्याच पक्षाच्या सोयीची, असंही सर्रास होतं. कोणत्या बातमीवर जरा जास्त वेळ थांबायचं, एवढंच यातून कळतं.

क्रियापदावर बोट ठेवा आणि विचारा: कोणी?

१ सप्टेंबर २०२३, जालना जिल्ह्यातलं अंतरवाली सराटी. मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे यांचं उपोषण चालू होतं. पोलिसांनी लाठीमार केला, दगडफेकही झाली, आंदोलक आणि पोलीस दोघेही जखमी झाले. आता हे तीन मथळे बघा. ते मी बनवलेले आहेत, कोणत्याही पेपरातले नाहीत, पण डेस्कवरचा माणूस असेच देतो:

पोलिसांचा उपोषणकर्त्यांवर लाठीमार
अंतरवालीत लाठीमार, दगडफेक
मराठा आंदोलनाला हिंसक वळण

तिन्हींत खोटं काहीच नाही. पहिल्यात करणारा दिसतो आणि सोसणाराही दिसतो. दुसऱ्यात नुसत्या दोन घटना आहेत. कोणी कोणाला मारलं हे वाचकाने समजून घ्यायचं, आणि लाठी व दगड यांना सारखंच वजन मिळालेलं आहे. तिसऱ्यात लाठीच गायब. 'वळण' लागलं; लावलं कोणी, ते नाही. आणि 'हिंसक' हे विशेषण आंदोलनाला चिकटलं.

या कामासाठी मराठी मोठी सोयीची आहे. झाला, उडाला, पेटला, चिघळला, तापलं, रंगलं: या क्रियापदांना करणारा लागतच नाही. 'राजकारण तापलं'. 'भडका उडाला'. 'चर्चेला उधाण आलं'. अशा प्रत्येक क्रियापदाखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि "कोणी?" असं शेजारी लिहा. उत्तर मथळ्यात नसेल तर इंट्रोत, म्हणजे बातमीच्या पहिल्या परिच्छेदात शोधा, तिथे नसेल तर तिसऱ्या परिच्छेदात. कुठेच सापडलं नाही तर खूण करा. मात्र एका खुणेवरून गाजावाजा करू नका. रात्री साडेअकराला कोणी काय केलं हे खरोखरच माहीत नसतं, आणि 'झाला' म्हणणं हाच तेव्हा प्रामाणिकपणा असतो. महिनाभर तोच पेपर एका पक्षाच्या वेळी 'केला' लिहितो आणि दुसऱ्याच्या वेळी 'झाला', असं दिसलं की मग बोला.

हीच परीक्षा अटकेच्या बातम्यांवर लावा. अनिल देशमुख (नोव्हेंबर २०२१), नवाब मलिक (फेब्रुवारी २०२२), संजय राऊत (ऑगस्ट २०२२), तिघांनाही ईडीने अटक केली. कोण 'ईडीच्या जाळ्यात' सापडलं, कोणाला 'अटक' झाली, आणि कोणावर 'सूडाची कारवाई' झाली? जुने अंक ई-पेपरवर मिळाले तर आणखी एक गोष्ट मोजा: अटकेच्या बातमीला किती कॉलम दिले आणि जामिनाच्या बातमीला किती. राऊतांना नोव्हेंबर २०२२ मध्ये जामीन देताना विशेष न्यायालयाने ती अटकच बेकायदा ठरवली होती. ते वाक्य मथळ्यात होतं, मजकुरात होतं, की नव्हतंच, हे बघण्यासारखं आहे.

म्हणाले, की बरळले?

पुढारी दिवसभर बोलत असतो आणि पेपर ते छापतो. ही आपल्या राजकीय पत्रकारितेतली निम्मी मजुरी. 'म्हणाले' हे साधं क्रियापद. पण मथळ्यात 'म्हणाले' दिलं तर वृत्तसंपादक नाक मुरडतो, "जरा जोर आण." मग काय काय येतं: टोला लगावला, चिमटा काढला, कान टोचले, खडे बोल सुनावले, घणाघात, हल्लाबोल, तोफ डागली. ही सगळी बोलणाऱ्याला मोठं करतात. तोफ त्याची असते, लागलेला समोरचा असतो. दुसऱ्या बाजूला थयथयाट, आगपाखड, बरळले, मुक्ताफळे उधळली, कोल्हेकुई. ही बोलणाऱ्याला लहान करतात. त्याचं म्हणणं खरं की खोटं हे तपासायच्या आधीच.

मधला गट मला सर्वांत धोक्याचा वाटतो, कारण तो सभ्य दिसतो. 'स्पष्ट केले' म्हटलं की जे सांगितलं ते खरं ठरलं. 'दावा केला' म्हटलं की त्यावर शंका आली. 'कबुली दिली' म्हटलं की काहीतरी लपवलेलं होतं. 'गौप्यस्फोट' म्हणजे पुरावा हातात असल्यासारखं. मुख्यमंत्री 'स्पष्ट करतात' आणि विरोधी पक्षनेते 'दावा करतात', असं एखाद्या पेपरात वर्षभर चालतं. सत्ता पालटली की काही पेपरांत ही क्रियापदंही खुर्चीबरोबर सरकतात. म्हणजे तो पेपर कोणत्या पक्षाचा नसून सरकारचा असतो. हा प्रकार लोकांना वाटतो त्यापेक्षा फार जास्त आहे.

उपाय सोपा आहे. मथळ्यातलं क्रियापद खोडा, तिथे 'म्हणाले' लिहा आणि पुन्हा वाचा. बातमीत मग काय उरतं? पुष्कळदा काहीच उरत नाही, कारण तोफेखेरीज बातमी नव्हतीच.

आदरार्थी अनेकवचनाकडेही लक्ष द्या. पुढारी 'म्हणाले', चोर 'म्हणाला', हा आमच्या धंद्यातला जुना भेदभाव. पुढाऱ्यांमध्येही साहेब, दादा, ताई, भाऊ ही बिरुदं बातमीदाराच्या तोंडून थेट मजकुरात आली तर समजा की कॉपी कार्यकर्त्याच्या पत्रकावरून उतरवलेली आहे. अवतरणचिन्हांत कोणी 'दादांनी सांगितलं' म्हटलं तर ते ठीक. बातमीदाराच्या वाक्यात 'दादा' आले की ठीक नाही. एका नेत्याला आडनावाने आणि दुसऱ्याला नुसत्या पहिल्या नावाने संबोधलं तर त्यात सलगी किंवा तुच्छता असू शकते. असू शकते एवढंच. पवार, ठाकरे आणि गांधी या घराण्यांत एकाच आडनावाची इतकी माणसं राजकारणात आहेत की नुसतं 'पवार म्हणाले' लिहून चालतच नाही.

नाव काय घेतलं

जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे आमदारांना घेऊन आधी सुरतला आणि मग गुवाहाटीला गेले. त्या घटनेला बंड म्हणायचं, उठाव म्हणायचं की गद्दारी, यावर त्या आठवड्यात महाराष्ट्रातल्या प्रत्येक डेस्कवर निर्णय झालेला असणार, बोलून किंवा न बोलता. 'उठाव' हा शिंदे यांच्या बाजूचा शब्द, 'गद्दारी' ठाकऱ्यांच्या बाजूचा, आणि 'बंड' मधला. म्हणून बहुतेकांनी 'बंड' धरला. मग गटांची नावं. १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण शिंदे यांना दिला. त्यानंतर 'शिंदे गट' लिहायचं की नुसतं 'शिवसेना'? समोरच्याला 'ठाकरे गट', 'उद्धवसेना', 'शिवसेना (ठाकरे)' की 'उबाठा' (उद्धव बाळासाहेब ठाकरे)? कागदोपत्री उबाठा हा संक्षेप चुकीचा नाही, पण विरोधक तो हिणवायला वापरतात. उलट बाजूला 'मिंधे गट' आहेच. तुमच्या पेपरने दोन्ही गटांना एकाच मापाने नावं दिली आहेत का, ते बघा. एकाला पूर्ण पक्षनाम आणि दुसऱ्याला 'गट', असं असेल तर आयोगाचा निर्णय हे कारण त्याला देता येईल. पण मग निर्णयाच्या आधीच्या आठ महिन्यांत तो पेपर काय लिहीत होता, तेही काढून बघा.

गावांच्या नावांचंही तसंच. शिवसेनेने १९८८ पासून 'संभाजीनगर' लावून धरलं, तेव्हा औरंगाबाद छापायचं की संभाजीनगर यावरून पेपर लगेच ओळखता यायचा. फेब्रुवारी २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर हे नाव अधिकृत झालं आणि ती खूण निकामी ठरली. आता कोणी ते नाव छापलं म्हणून काही सिद्ध होत नाही. सीमाभागात मात्र बेळगाव की बेळगावी यावरून अजून बरंच कळतं.

आमच्या सांगलीचं उदाहरण मला फार आवडतं. २०२४ च्या लोकसभेला जागावाटपात सांगली ठाकऱ्यांच्या शिवसेनेला गेली, चंद्रहार पाटील महाविकास आघाडीचे उमेदवार झाले, आणि काँग्रेसचे विशाल पाटील अपक्ष उभे राहिले. निकालापर्यंत ते 'बंडखोर'. ४ जूनला निवडून आल्यावर 'वसंतदादांचा नातू', 'दादा घराण्याचं पुनरागमन'. माणूस तोच, नातंही तेच. अशा वेळी मागचे अंक काढून बघायचं की विशेषण कोणत्या तारखेला बदललं.

आकड्यांचं थोडक्यात सांगते. त्याच निवडणुकीत महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी महाविकास आघाडीला ३०, महायुतीला १७ आणि विशाल पाटलांची एक. मतांचा फरक मात्र अर्ध्या टक्क्याहूनही कमी. 'महायुतीचा धुव्वा' आणि 'महायुती काठावर हुकली' हे दोन्ही मथळे खऱ्या आकड्यांवर उभे करता येतात. म्हणून कोणता आकडा घेतला याइतकंच कोणता सोडला हे बघा. त्याशिवाय 'तब्बल' आणि 'अवघे' हे दोन शब्द दिसले की पेन्सिल चालवा. नऊ जागा 'तब्बल' की 'अवघ्या' हे आकडा सांगत नाही, उपसंपादक सांगतो.

फोटो

मजकुरावर निदान कोणीतरी वाद घालतं. फोटोवर कोणी घालत नाही, कारण तो 'होता तसा' आहे अशी आपली समजूत.

एका सभेचे फोटोग्राफर ढीगभर फोटो पाठवतो. बोलणाऱ्या माणसाचं तोंड प्रत्येक क्षणी वेगळं असतं: वाकडं, उघडं, डोळे अर्धे मिटलेले. जगातला कोणताही सुंदर वक्ता त्या ढिगातल्या एका तरी फोटोत बावळट दिसतो आणि एका तरी फोटोत युगपुरुष. डेस्क त्यातला एक उचलतो. म्हणून फोटो बघताना "हा असाच दिसतो" असं म्हणू नका. "हाच का उचलला?" असं विचारा. एका पक्षाच्या नेत्याचे पंधरा दिवसांतले फोटो एका बाजूला आणि दुसऱ्याचे दुसऱ्या बाजूला लावून बघा. घाम पुसणारा, बोट उगारलेला, डुलकी लागलेला कोण? खालून घेतलेल्या कॅमेऱ्यात, मागे मोकळं आभाळ असलेला कोण? लहान मूल उचललेलं कोणी?

५ ऑक्टोबर २०२२ चा दसरा या अभ्यासासाठी सोन्यासारखा आहे. शिवसेनेचे दोन मेळावे, एकाच संध्याकाळी. उच्च न्यायालयाने परवानगी दिल्यामुळे शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे, आणि बीकेसीच्या मैदानावर एकनाथ शिंदे. दोघांनाही आपली गर्दी मोठी दाखवायची होती. गर्दी फोटोत कशी वाढते, ते सांगते. माणसाच्या उंचीवरून, लांब लेन्सने, पुढच्या रांगा दाबून घेतलं की दोन हजार माणसं समुद्र वाटतात. उंचावरून, रुंद लेन्सने, मैदानाच्या कडांसकट घेतलं की पन्नास हजारांतही मोकळ्या जागा दिसतात. भाषण सुरू व्हायच्या आधी आणि शेवटची पंधरा मिनिटं उरली असताना घेतलेले फोटो तर वेगळ्याच सभांचे वाटतात. तेव्हा दोन सभांचे फोटो शेजारी छापलेले दिसले की तीन गोष्टी तपासा: कॅमेऱ्याची उंची सारखी आहे का, मैदानाची कड दिसते का, आणि उजेडावरून वेळ एकच वाटते का. यांतलं एक जरी वेगळं असेल तर त्या फोटोंवरून गर्दीची तुलना करण्यात अर्थ नाही.

मग कात्री. मेथीची जुडी घेताना आपण आधी देठ बघतो, तशी फोटोची कड बघावी. कडेला एखादा खांदा आहे आणि डोकं नाही, हाताचा पंजा आहे आणि माणूस नाही, तर तिथे कोणीतरी उभं होतं. कधी जागेसाठी कापलेलं असतं, कधी त्या माणसासाठी.

कोण कापलं गेलं याचा सर्वांत मोठा धडा जाहिरातीने दिला. १३ जून २०२३ ला अनेक दैनिकांत पहिल्या पानावर शिंदे यांच्या शिवसेनेची जाहिरात होती: 'राष्ट्रात मोदी, महाराष्ट्रात शिंदे'. दोघांचेच फोटो. बाळासाहेब नाहीत, देवेंद्र फडणवीस नाहीत, आणि वर एका सर्वेक्षणाचा आकडा: मुख्यमंत्री म्हणून शिंदे यांना २६.१ टक्के पसंती, फडणवीसांना २३.२ टक्के. भाजपमध्ये जो काही संताप व्हायचा तो झाला, आणि दुसऱ्याच दिवशी नवी जाहिरात आली. तिच्यात शिंदे-फडणवीस एकत्र, वर बाळासाहेब आणि आनंद दिघेही. चोवीस तासांत फोटोंची मांडणी बदलून युतीतला हिशेब नव्याने लिहिला गेला, तोही उघड्यावर. बातमीतल्या फोटोत हेच घडतं, फक्त दुसऱ्या दिवशी दुरुस्ती येत नाही.

'संग्रहित छायाचित्र' ही अक्षरं इतकी बारीक का असतात, हा प्रश्न मी नोकरीत असतानाही विचारला होता, उत्तर आलं, "डिझाइन." आजच्या टीकेच्या बातमीला दोन वर्षांपूर्वीचा हसरा फोटो लावला की नेता निर्लज्ज दिसतो. फोटोखालची ओळही वाचा. 'नेत्यांशी चर्चा करताना' आणि 'नेत्यांची मनधरणी करताना' या दोन्ही ओळी एकाच फोटोखाली बसतात, कारण फोटोला आवाज नसतो.

जागा आणि गैरहजेरी

आरोप पान एकवर चार कॉलम, खुलासा पान सातवर एक कॉलम. हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून त्यावर थांबत नाही. त्याहून कठीण म्हणजे न आलेली बातमी ओळखणं. त्यासाठीच तिसरा, लांबचा पेपर लागतो. जे तिथे आत्मविश्वासाने छापलं आहे आणि तुमच्या पेपरात सलग चार दिवस कुठेच नाही, त्याची यादी वहीत करत जा. यादीतल्या अर्ध्या गोष्टी साध्या निष्काळजीपणाच्या निघतील. उरलेल्यांत एखादं नाव पुन्हा पुन्हा येईल.

हा झुकाव आहे की दरपत्रक?

जिल्हा पातळीवर मला विचाराल तर विचारसरणी हे कारण मागून येतं. आधी येते जाहिरात. तालुक्याच्या बातमीदाराचं मानधन तुटपुंजं असतं आणि जाहिरात आणली की त्यावर कमिशन मिळतं. ज्याच्या वाढदिवसाची पुरवणी आणायची, त्याच्या विरोधात तो आदल्या महिन्यात काय लिहिणार? 'अभीष्टचिंतन', 'कार्यसम्राट', 'विकासपुरुष' असं ज्या पानावर दिसेल ते पान राजकीय भूमिका म्हणून वाचू नका. पावती म्हणून वाचा.

निवडणुकीत हेच मोठ्या मापात होतं. २००९ च्या विधानसभेच्या वेळी मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावर अनेक दैनिकांत पानंच्या पानं आली, त्यातलं 'अशोकपर्व' गाजलं. पत्रकार पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त दाखवून दिलं की एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत काही मजकूर शब्दशः एकच होता. चव्हाणांनी दाखवलेला वृत्तपत्र जाहिरातींचा खर्च होता ५,३७९ रुपये. पैसे दिल्याचं त्यांनी नाकारलं. २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने हिशेब नीट दिला नसल्याचा ठपका ठेवला आणि त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० मध्ये पेड न्यूजवर अहवाल तयार केला होता. तो सविस्तर अहवाल माहिती आयोगाने सांगितल्यावर २०११ मध्ये बाहेर आला.

त्यावरून ओळखायची रीत: बातमीला बातमीदाराचं नाव नाही, दुसरी बाजू एका ओळीनेही नाही, विशेषणं सगळी एकाच दिशेची, आणि टाइप किंवा चौकट नेहमीपेक्षा किंचित वेगळी. मग त्यातलं एखादं वैशिष्ट्यपूर्ण वाक्य दुसऱ्या पेपरात शोधा. सापडलं की संपलं. आणि उघड जाहिरात असली तरी ती कोणी दिली ते कोपऱ्यात आहे का, हे बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये 'देवाभाऊ' एवढंच लिहिलेली, फडणवीस शिवरायांना फुलं वाहताना दाखवणारी पानभर जाहिरात अनेक पेपरांत आली. ती देणाऱ्याचं नाव तिच्यावर नव्हतं, आणि विरोधकांनी नेमका तोच प्रश्न उचलला.

घाई करू नका

२३ नोव्हेंबर २०१९ चा सकाळचा पेपर ज्यांनी जपून ठेवला असेल त्यांनी काढावा. उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार, असं आदल्या संध्याकाळी शरद पवारांनी सांगितलं होतं आणि पेपरांनी तेच छापलं. लोक तो वाचत असतानाच राजभवनात फडणवीस आणि अजित पवारांचा शपथविधी होऊन गेला होता. कित्येकांनी त्या दिवशी पेपरवाल्यांना विकले गेलेले म्हटलं. कोणी विकलं गेलं नव्हतं. पानं रात्री सुटली होती. डाक आवृत्ती तर त्याहून आधी सुटते, म्हणून तालुक्याला येणारा अंक शहरातल्या अंकापेक्षा मागे असतो. वृत्तसंस्थेची कॉपी जशीच्या तशी लागली असेल तर तिचा सूर त्या पेपरचा नसतो. या तीन गोष्टी वगळूनच खुणा मोजा.

शेवटची चाचणी स्वतःवर करायची. तुम्हाला चीड आणणारा मथळा कागदावर लिहा, त्यातलं पक्षाचं नाव खोडून विरुद्ध पक्षाचं घाला. आता चीड आली नाही, उलट जरा बरं वाटलं, तर तो मथळा खुणेत धरू नका. मग तुमच्या लाडक्या पेपरचा मथळा घ्या आणि तसंच करा. वाचनालयातले एक काका हे करायला बसले आणि दोन मथळ्यांनंतर उठून गेले. पेपर मात्र त्यांनी अजून बदललेला नाही.

खुणा पुरेशा जमल्या आणि काही गंभीर सापडलं, तर आधी संपादकाला पत्र लिहा, पोच ठेवा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. दैनिकाच्या बाबतीत छापून आल्यापासून दोन महिन्यांच्या आत. कौन्सिल ताशेरे ओढू शकते, दंड करू शकत नाही. निवडणुकीच्या काळात पेड न्यूजची तक्रार जिल्हाधिकारी कार्यालयातल्या माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समितीकडे करायची. दोन्हीकडे कात्रण जोडताना तारीख, पान क्रमांक आणि आवृत्तीचं नाव लिहायला विसरू नका. सांगली आवृत्तीतली बातमी त्याच पेपरच्या पुणे आवृत्तीत नसते, आणि "आमच्या अंकात असं काही नाही" हे उत्तर तिथूनच येतं.